अंगठ्याची सोय

कॅमेरा एवढासा. साबणाच्या वडीएवढा,
आणि साबणासारखाच निसटणारा.
दुकानदार म्हणाला, "खिशात मावतो, बाई."
माझ्या एकाही कपड्याला खिसा नाही,
हे त्याला कोण सांगत बसणार.

मंगळवारी थिवीहून गाडी,
मग दिल्ली, मग विमान, मग लेह.
कुंदाने यादी धाडली आहे: लोकरीचे मोजे,
कापूर, ओठांना लावायला तूप.
कॅमेऱ्याबद्दल तिने काही लिहिलेलं नाही.

माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा गेलेला.
बत्तीस वर्षं म्हापशाच्या निबंधक कचेरीत
शिक्के मारले, आणि लोकांचे अंगठे
शाईत बुडवून, आपल्या हाताने दाबून,
खरेदीखतांवर, मृत्युपत्रांवर टेकवले.
ते ठसे तिथे कपाटात आहेत.
माझ्या अंगठ्याची नोंद कुठेच नाही,
फक्त सकाळी डब्याचं झाकण फिरवताना
तो स्वतःच आठवण करून देतो.

तेव्हा मूठ हवी. काहीतरी, ज्यावर बोट टेकेल.
भाच्याने मागवलेली चिकटवायची मूठ
वैशाखाच्या घामात तिसऱ्या दिवशी सुटली
आणि वरणात पडली.
दुसरी धातूची, स्क्रूने बसणारी, देखणी;
ती बसवली की बॅटरीचं दार उघडेना.
"कळस चढवला नि दरवाजा बुजवला," नवरा म्हणाला.
त्याला असलं सुचतं, फणस सोलताना.

पेटीचं तर विचारूच नका.
एक होती चामड्याची, बटणांची, ऐटबाज.
आमच्याकडे चामड्याला बुरशी धरायला
आषाढ लागत नाही, नुसतं बंद कपाट पुरतं.
परसातल्या पपईवर धनेश उतरला.
पहिलं बटण काढलं तेव्हा तो माझ्याकडे बघत होता.
दुसरं काढलं तेव्हा पान हलत होतं.
फोटोत पान आहे. चांगलं आलं आहे.
मग आणली टणक डबी, चष्म्याच्या घरासारखी
टपकन मिटणारी. तिच्यात वस्तू इतकी सुखरूप
की ती आपली वाटेना.

शुक्रवारी बाजारात, चोरिसांच्या माळांखालून वाकून,
इनासच्या टपरीवर गेले.
त्याने कॅमेरा कागदावर ठेवला
आणि पायाचं माप घ्यावं तशी भोवती पेन्सिल फिरवली.
"बाये, हाका बोटां नात. बरें जालें."
मी पिशवीतून लोकरीचे हातमोजे काढले, चढवले,
भर उन्हात, केळीवाल्या बघत असताना.
पकडला, आणि सुटलाच.
इनासने तो गुडघ्यांच्या बेचक्यात झेलला,
तोंडातला खिळाही न काढता.

मग त्याने एक जुनी सपात शोधली,
तळव्याची नक्षी अजून शाबूत असलेली.
सुपारीच्या फोडीएवढा तुकडा कापला,
कानस मारली, सोल्यूशन लावलं,
आणि माझं मधलं बोट धरून बरोबर जागी टेकवलं.
बत्तीस वर्षांत माझं बोट असं कुणी धरलं नव्हतं.
"पावसांतूय निसरचें ना."
सपात कुणाची, विचारलं.
"व्हरूंक कोण आयलोच ना."
चामड्याच्या पेटीचं झाकण त्याने मला न विचारता उडवलं,
तिथे छत्रीचं इलॅस्टिक ओवलं.
आता उघडायला काही उरलंच नाही.

कुणीतरी एकदा अंगठा तुटला म्हणून सपात ठेवून गेलं,
बहुधा अनवाणी, बहुधा घाईत,
आणि तिचा तुकडा आता माझ्या बोटाखाली
अकरा हजार फुटांवर चालला आहे.

घरी मोजे घालून पुन्हा पाहिलं.
नवरा फणसावर, कोपरापर्यंत तेल.
हात घसरला नाही. हलला तो.
गरे मात्र लख्ख.

पट्टा गळ्यात घालावा की मनगटात,
ते अजून ठरत नाही.
मंगळवारला चार दिवस आहेत.